लंडन ते कोमो, मोटारीने: मुक्काम आधी ठरवा, रस्ता मागाहून आखा

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना उन्हाळ्याच्या सुटीत स्वतःची गाडी घेऊन इटलीपर्यंत जावेसे वाटते, आणि बहुतेक जण या प्रवासाची आखणी उलट्या क्रमाने करतात. नकाशावर दोन टोके घालायची, अ‍ॅपने दाखवलेला सर्वांत जलद मार्ग स्वीकारायचा आणि साधारण मध्यावर जे गाव येईल तेथे हॉटेल शोधायचे, अशी ती पद्धत असते. वास्तविक अशा प्रवासात आधी ठरवायचा तो मुक्काम. तो कुठे आहे यावर दुसऱ्या दिवशीचा सर्वांत अवघड टप्पा आपण किती वाजता गाठणार हे ठरते, आणि तो टप्पा वेळेवर गाठला गेला नाही तर कितीही चांगला रस्ता निवडला तरी दिवस वाया जातो.

या लेखात लंडनहून इटलीतील कोमोपर्यंतचा, एका रात्रीच्या मुक्कामाचा प्रवास उदाहरण म्हणून घेतला आहे. अंतर सुमारे ११६० किलोमीटर आहे. लंडनहून फोकस्टनपर्यंत साधारण ११०, समुद्रापलीकडे कॅलेपासून रँस आणि मेत्झमार्गे स्ट्रासबर्गपर्यंत सुमारे ६२०, तेथून स्वित्झर्लंडच्या सीमेवरील बासलपर्यंत १४० आणि बासलपासून गोटहार्ड बोगद्यातून कियासोच्या सीमानाक्यापर्यंत २९० किलोमीटर, असे त्याचे ढोबळ तुकडे पडतात. कोमो शहर कियासोला जवळजवळ लागूनच आहे.

अवघड टप्पा कोणता ते आधी ओळखा

या संपूर्ण मार्गावर फ्रान्समधील रस्ता लांब असला तरी सोपा आहे. खरी अडचण आहे ती स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सखालून जाणाऱ्या गोटहार्डची. १९८० साली खुला झालेला हा १६.९ किलोमीटर लांबीचा बोगदा आजही एकाच नळीचा आहे, म्हणजे जाणारी आणि येणारी वाहने एकाच बोगद्यातून, प्रत्येकी एका मार्गिकेतून जातात. दुसऱ्या नळीचे काम सुरू आहे, परंतु ते पूर्ण झाल्यावरही प्रत्येक दिशेला एकच मार्गिका वापरात राहणार आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये बोगद्यात दोन मालट्रकची टक्कर होऊन लागलेल्या आगीत ११ जणांचा मृत्यू झाला, आणि तेव्हापासून मालट्रक ठरावीक अंतराने आत सोडले जातात. उत्तरेकडून येणारा चारपदरी रस्ता गोशेनेन या गावापाशी अचानक एका मार्गिकेवर येतो, त्यामुळे ईस्टरला आणि उन्हाळ्यातील शुक्रवार-शनिवारी येथे रांग लागणार हे गृहीतच धरावे. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात अडकलेल्या माणसाला या रांगेचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की येथे रांगेची लांबी रेडिओवर आणि फलकांवर किलोमीटरमध्ये सांगितली जाते, आणि एका किलोमीटरला सुमारे दहा मिनिटे हा तेथील रूढ हिशेब आहे. दहा किलोमीटरची रांग म्हणजे दीड तासाहून अधिक खोळंबा.

यावर उपाय एकच, तो म्हणजे सकाळी लवकर पोहोचणे. गोशेनेनला नऊच्या आत पोहोचायचे असे ठरवले की बाकीचे गणित आपोआप मागे मागे सरकत जाते. बासल ते गोशेनेन हे अंतर सुमारे १६५ किलोमीटर असून त्याला वाहतूक मोकळी असेल तर पावणेदोन-दोन तास लागतात. म्हणजे सातच्या सुमारास बासल ओलांडलेले हवे. सहाला मुक्कामाहून निघणे हे मुलाबाळांसह जमेल असे सर्वांत लवकरचे प्रस्थान मानले, तर मुक्काम बासलच्या अलीकडे तासाभराच्या आत हवा. नकाशावर तेवढ्या अंतरात आल्सास प्रांतातील सेलेस्टा, कोलमार आणि म्युलूझ ही तीन गावे येतात.

नेमका मध्य काढणाऱ्याने मेत्झच्या आसपासच गाडी थांबवली असती, आणि दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी तो गोटहार्डच्या रांगेत उभा राहिला असता.

वेळेचा ताळेबंद

आता पहिला दिवस पाहू. युरोपात व्यावसायिक मालट्रकचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावी लागते आणि दिवसाला साधारणपणे नऊ तासांपेक्षा अधिक चालवता येत नाही. आपल्याला हा नियम लागू नाही, पण ज्यांचा तो धंदाच आहे त्यांच्यासाठी घातलेली मर्यादा हौशी चालकाने ओलांडू नये, हे सयुक्तिक आहे. फ्रान्समध्ये तर दर दोन तासांनी थांबा असे रस्त्यावरचे फलकच सांगत असतात.

सकाळी आठच्या सुमाराची ल शटल ही फोकस्टनहून समुद्राखालच्या बोगद्यातून मोटारी कॅलेला वाहून नेणारी रेल्वे पकडायची असेल तर लंडनहून साडेपाचला निघावे. शटलची तपासणी आणि सीमाशुल्क यांसाठी निदान तासभर हाताशी हवा, आणि सुटीच्या दिवसांत त्याहून अधिक. ३५ मिनिटांत गाडी पलीकडे पोहोचते, परंतु फ्रान्सचे घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असल्याने कॅलेला बाहेर पडताना तेथे साडेनऊ वाजून गेलेले असतात. हा तास आखणीत विसरला जातो आणि संध्याकाळी हॉटेलच्या दारात आठवतो. कॅलेहून सेलेस्टापर्यंत सुमारे साडेसहा तासांचे वाहन चालवणे आणि जेवणासह दीड तासाची विश्रांती धरली तर साडेपाच-पावणेसहापर्यंत मुक्काम गाठता येतो. लंडनपासूनचे मिळून प्रत्यक्ष चालवण्याचे तास आठ होतात.

आठ तास हे दोन चालक असतील तरच धरावेत. एकट्याने चालवणाऱ्याने शुक्रवारी दुपारी कामावरून लवकर निघून पलीकडे जावे, कॅलेपासून पावणेतीन तासांवरच्या रँस येथे रात्र काढावी आणि शनिवारचा दिवस आल्सासपर्यंतच्या निवांत प्रवासासाठी ठेवावा. दोन मुक्कामांचा खर्च वाढतो हे खरे, पण गोटहार्डमध्ये शिरताना चालक ताजातवाना असणे हे त्या खर्चाहून मोलाचे आहे.

अ‍ॅपवर वेळ पाहताना ‘आत्ता निघाल्यास’ हा आकडा पाहू नये. त्याच वारी, त्याच वेळी निघाल्यास किती वेळ लागेल ते पाहावे, आणि त्यावर दहा-पंधरा टक्के आणखी धरावेत. फ्रान्सची बिझाँ फ्युते ही सरकारी सेवा वर्षभराचे वाहतुकीचे अंदाज हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा अशा चार रंगांत आधीच जाहीर करते. ऑगस्टच्या सुरुवातीचे शनिवार हमखास लाल किंवा काळे असतात. तथापि ती गर्दी मुख्यतः पॅरिसहून ल्योंमार्गे भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यांवर असते. कॅलेहून पूर्वेकडे झुकणारा आपला मार्ग तिच्यातून बराचसा सुटतो, आणि फ्रान्समधून थेट इटलीत उतरणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्याच्या वाटेपेक्षा ही वाट निवडण्याचे ते एक सबळ कारण आहे. माँ ब्लाँ बोगद्याचा स्वतंत्र आणि भरभक्कम टोल हे दुसरे.

वार निवडण्याची मोकळीक असेल तर शनिवारी निघून रविवारी आल्प्स ओलांडावा. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी आणि रोज रात्री दहा ते पहाटे पाच अवजड वाहनांना बंदी असते, आणि फ्रान्समध्येही शनिवारी रात्री दहापासून रविवारी रात्री दहापर्यंत मालट्रक रस्त्यावर नसतात. बोगद्यात पुढे मालट्रक नसणे हे एकूण वेगाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरते.

कॅले ते आल्सास: दोन वाटा

पहिली वाट ए२६ या द्रुतगती मार्गाने रँसपर्यंत आणि पुढे ए४ने मेत्झवरून स्ट्रासबर्गकडे जाते. ती मोकळी आहे, रुंद आहे आणि मेत्झच्या आसपासचा भाग सोडला तर जवळजवळ सर्वत्र टोलची आहे. रँसला रस्ता शहराच्या पोटातून जातो की वळसा घालून, हे फलकांवरील दिशेवर ठरते, म्हणून तेथे मेत्झ-स्ट्रासबर्ग ही नावे धरून शहराबाहेरच राहावे. दुसरी वाट बेल्जियम आणि लक्झेंबर्गमधून मेत्झला येते. अंतर साधारण तेवढेच, मोटारींना टोल नाही, आणि लक्झेंबर्गमध्ये इंधन शेजारच्या देशांपेक्षा स्वस्त मिळते. या वाटेवर वाचलेले पैसे दिसतात, पण संध्याकाळी लक्झेंबर्ग ते मेत्झ या पट्ट्यात कामावरून परतणाऱ्यांची जी कोंडी होते तिची किंमत त्यात धरलेली नसते. शनिवारी ही दुसरी वाट विचारात घेण्यासारखी आहे, आठवड्याच्या मधल्या दिवशी नाही.

स्ट्रासबर्गपाशी पुन्हा एक निवड येते. ए३५५ हा शहराला पश्चिमेकडून वळसा घालणारा टोलचा रस्ता २०२१च्या अखेरीस सुरू झाला. शहरातून जाणारा जुना रस्ता फुकट आहे, पण संध्याकाळी साडेचार-पाचला तेथे जाऊन बचत करण्याचा मोह टाळावा. स्ट्रासबर्गच्या दक्षिणेस सेलेस्टा, कोलमार आणि म्युलूझकडे जाणारा ए३५ला मात्र टोल नाही. ऱ्हाइन नदी ओलांडून जर्मनीतील ए५ने बासलला जाणे हा पर्याय अ‍ॅप अनेकदा सुचवते. त्यालाही टोल नाही, आणि फ्रान्सच्या बाजूला अपघात झाला असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. फक्त त्या वाटेने जाताना फ्रायबुर्गसारख्या शहरात शिरायचे असल्यास जर्मनीचे पर्यावरणविषयक हिरवे स्टिकर गाडीवर लागते, द्रुतगती मार्गावरून सरळ जाण्यासाठी लागत नाही.

टोलनाका, उजव्या स्टिअरिंगच्या गाडीतून

ब्रिटनमधील गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे आणि फ्रान्समधील टोलचे यंत्र डावीकडे, त्यामुळे तिकीट घेणे आणि पैसे भरणे हे काम शेजारी बसलेल्या व्यक्तीचे असते. हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर मागे गाड्यांची रांग लागलेली असताना हे शिक्षण घडते. ए२६वर शिरल्यावर थोड्या वेळाने पहिला नाका येतो. तेथे पैसे नसतात, फक्त तिकीट मिळते. यंत्रावर दोन उंचीवर बटणे असतात, कारण वरचे मालट्रकवाल्यांसाठी आणि खालचे मोटारींसाठी. हे तिकीट बाहेर पडण्याच्या नाक्यावर यंत्रात घालायचे असते आणि हरवल्यास सर्वांत लांबच्या अंतराचा टोल आकारला जातो, म्हणून ते डॅशबोर्डवर न ठेवता सन व्हायजरच्या पट्टीत खोचून ठेवावे, म्हणजे खिडकी उघडताच वाऱ्याने उडणार नाही.

बाहेर पडताना मार्गिका निवडण्यासाठी वरची चिन्हे पाहावीत. हिरवा बाण असेल तर बहुधा सर्व प्रकारे पैसे भरता येतात, कार्डाचे चित्र असेल तर केवळ कार्ड चालते, आणि नारिंगी रंगातील लहान ‘टी’ एकटाच असेल तर ती मार्गिका फक्त इलेक्ट्रॉनिक टॅगधारकांसाठी असते. चुकून तिच्यात शिरल्यास मागे येण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. मदतीचे बटण दाबावे, पलीकडून कोणीतरी बोलते आणि मार्ग काढून देते. एकट्याने प्रवास करणाऱ्याने मात्र काही आठवडे आधी ब्रिटनमधूनच असा टॅग मागवून काचेला लावावा. प्रत्येक नाक्यावर उतरून गाडीला वळसा घालणे हा व्यायाम पहिल्या वेळेपुरताच मजेचा असतो.

कागदपत्रे

येथे ब्रिटिश पारपत्र आणि भारतीय पारपत्र यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि एकाच कुटुंबात दोन्ही असण्याची शक्यता असल्याने हा भाग काळजीपूर्वक पाहावा. भारतीय पारपत्रधारकाला ब्रिटनमध्ये कायमच्या वास्तव्याची परवानगी असली तरी शेंगेन व्हिसा, म्हणजे बहुतेक युरोपीय देशांचा सामायिक व्हिसा, लागतो. अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार त्या देशाकडे करायचा असतो, म्हणजे आपल्या उदाहरणात इटलीकडे, जरी प्रवेश फ्रान्समधून होणार असला तरी. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी २००८पासून शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे त्याच्यासाठी निराळा व्हिसा लागत नाही. व्हिसासाठी मुक्कामाचे आरक्षण दाखवावे लागते, हे ध्यानात घेऊन रद्द करता येणारे हॉटेलच आरक्षित करावे. परत येताना ब्रिटनमधील वास्तव्याचा दर्जा आता ई-व्हिसाच्या स्वरूपात असतो, म्हणून नवे पारपत्र घेतले असल्यास ते त्या ऑनलाइन खात्याशी जोडलेले आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे.

फ्रान्सची पारपत्र तपासणी समुद्राच्या अलीकडे, फोकस्टन किंवा डोव्हर येथेच होते. ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या युरोपीय प्रवेश-निर्गम प्रणालीत बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते, आणि गाडीत चार-पाच माणसे असतील तर त्याला वेळ लागतो.

गाडीसाठी मूळ नोंदणीपत्र, विम्याचे प्रमाणपत्र आणि वाहनपरवाना बरोबर हवा. कंपनीने दिलेली किंवा भाडेकराराने घेतलेली गाडी असेल तर नोंदणीपत्र आपल्याकडे नसते, त्याऐवजी व्हीई१०३ हे प्रमाणपत्र मागवून घ्यावे लागते. या सर्व देशांसाठी ग्रीन कार्डची, म्हणजे परदेशात विमा लागू असल्याच्या दाखल्याची, आवश्यकता उरलेली नाही, परंतु अनेक विमा पॉलिसी परदेशात केवळ किमान संरक्षण देतात, म्हणून पूर्ण संरक्षण किती दिवस आणि कोणत्या देशांत लागू आहे हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. गाडीच्या मागे ‘यूके’ अक्षरांचे चिन्ह लागते. जुने ‘जीबी’ सप्टेंबर २०२१पासून चालत नाही. भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या नातेवाइकांनी गाडी चालवायची असेल तर त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या आरटीओकडून एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढून आणावा, आणि त्यांचे नाव विम्यात घालून घ्यावे.

गाडीत प्रत्येकाच्या हाताला येईल अशी चकाकणारी जाकिटे हवीत, डिकीत सामानाखाली नव्हेत, कारण गाडीतून उतरण्यापूर्वी ती अंगात घालायची असतात. धोक्याचा त्रिकोणही हवा. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांवर जातात, त्यासाठी दिव्यांवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात किंवा नव्या गाड्यांत सेटिंग बदलता येते. एलपीजीवर चालणाऱ्या गाडीला शटलमध्ये प्रवेश नाही, तिने फेरीबोटच घ्यावी.

आणि शिदोरीविषयी. ब्रिटनमधून युरोपीय संघात जाताना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ वैयक्तिक वापरासाठीही नेता येत नाहीत. म्हणजे दही, पनीर, लोणी, तूप घरीच ठेवावे. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा यांना अडचण येत नाही.

स्वित्झर्लंडचे विन्येत आणि वेगमर्यादा

स्वित्झर्लंडच्या द्रुतगती मार्गांसाठी वर्षाचे एकच विन्येत, म्हणजे रस्तावापराचे शुल्क भरल्याचे स्टिकर, असते, किंमत ४० स्विस फ्रँक. एका दिवसासाठी किंवा एका खेपेसाठी वेगळे मिळत नाही. ऑगस्ट २०२३पासून ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मिळते आणि गाडीच्या क्रमांकाशी जोडले जाते, त्यामुळे काचेवर चिकटवण्याची गरज पडत नाही. ते स्विस सीमाशुल्क विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे, कारण जास्त दर आकारणारी मध्यस्थ संकेतस्थळे शोधात अनेकदा वर दिसतात. विन्येतशिवाय सापडल्यास २०० फ्रँक दंड आणि वर विन्येतची किंमत. गोटहार्ड बोगद्याला मात्र वेगळा टोल नाही.

फ्रान्समध्ये द्रुतगती मार्गावर ताशी १३० किलोमीटर, पावसात ११०, आणि दाट धुक्यात ५० ही मर्यादा आहे. परवाना मिळून तीन वर्षे झालेली नसतील तर कोरड्या रस्त्यावरही ११०. स्वित्झर्लंडमध्ये १२०, आणि गोटहार्ड बोगद्यात ८०. इटलीत पुन्हा १३० आणि पावसात ११०. स्वित्झर्लंडमध्ये अगदी थोड्या वेगवाढीलाही दंड होतो, आणि नेव्हिगेशनमधील कॅमेऱ्याची सूचना देणारी सोय तेथे बेकायदेशीर आहे, म्हणून सीमेपूर्वी ती बंद करावी. मद्याची मर्यादा तिन्ही देशांत इंग्लंडपेक्षा कडक, म्हणजे दर लिटर रक्तात ०.५ ग्रॅम आहे, आणि नवख्या चालकांसाठी त्याहून कमी.

मोबाइलच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहून जाते. ब्रिटनमधील अनेक कंपन्यांच्या युरोपीय रोमिंगमध्ये स्वित्झर्लंडचा समावेश नसतो. संपूर्ण मार्गाचे नकाशे आधी उतरवून घ्यावेत, विशेषतः बासल ते कियासो हा भाग.

मुक्काम कसा निवडावा

कोलमार पाहण्यासारखे आहे यात शंका नाही, परंतु संध्याकाळी येऊन पहाटे निघणाऱ्याला त्याच्या जुन्या पेठेतील हॉटेलचा उपयोग नाही. अरुंद गल्ल्या, दूरवरचा वाहनतळ आणि सामानाची ने-आण यांत तास जातो. अशा मुक्कामासाठी द्रुतगती मार्गाच्या फाट्याजवळचे, समोर मोकळा वाहनतळ असलेले साधे हॉटेल हवे. फ्रान्समध्ये अशा साखळी हॉटेलांची वाण नाही, आणि ती बहुधा मोठ्या सुपरमार्केटच्या आसपास असतात. तेथे स्वागतकक्ष रात्री ठरावीक वेळेनंतर बंद होतो आणि नंतर येणाऱ्याला दरवाजाचा सांकेतिक क्रमांक संदेशाने पाठवला जातो. आपल्या आरक्षणात ही सोय आहे का, आणि क्रमांक कोणत्या मोबाइलवर येणार, हे सकाळीच तपासावे. खोलीत किती माणसे चालतात हेही नीट पाहावे, कारण फ्रान्समध्ये दोघांची खोली म्हणजे दोघांचीच, तिसऱ्यासाठी गादी टाकून मिळत नाही. नाश्ता बहुधा साडेसहाला सुरू होतो, तेव्हा सहाला निघणाऱ्याने त्याचे पैसे भरू नयेत. आदल्या संध्याकाळी सुपरमार्केटमधून ब्रेड, फळे आणि दूध आणून ठेवावे.

यातच आल्सासचा एक विशेष ध्यानात ठेवावा. हा प्रांत १८७१ ते १९१८ या काळात जर्मनीत होता आणि त्या काळचे काही स्थानिक कायदे अद्याप लागू आहेत, त्यामुळे येथे रविवारी दुकाने फ्रान्सच्या इतर भागांपेक्षा अधिक काटेकोरपणे बंद असतात, आणि गुड फ्रायडे व २६ डिसेंबर हे दिवसही सुटीचे असतात. मुक्काम शनिवारचा असेल तर दुसऱ्या दिवशीची सर्व खरेदी आणि इंधन शनिवारीच उरकावे. पुढच्या टप्प्यावर सुपरमार्केटचा पंप हा द्रुतगती मार्गावरील पंपापेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि कोणत्या पंपावर काय भाव आहे हे फ्रान्स सरकारच्या इंधनदरांच्या संकेतस्थळावर गावनिहाय दिसते. कार्डावर चालणारे स्वयंचलित पंप आधी शंभराहून अधिक युरोंची रक्कम राखून ठेवतात आणि नंतर प्रत्यक्ष रक्कम कापतात, हे पाहून घाबरू नये. लिटरला सुमारे पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीला संपूर्ण एकेरी प्रवासाला ७५ ते ८० लिटर लागतात. म्हणजे लंडनहून टाकी भरून निघाल्यास वाटेत एकदाच, तेही मुक्कामाच्या गावी, भरणे पुरते.

जेवणाची वेळ सांभाळावी. फ्रान्समधील उपाहारगृहांची स्वयंपाकघरे दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी सातपर्यंत उघडत नाहीत. शाकाहारी मंडळींनी आल्सासची फ्लामकुश ही पातळ, खरपूस भाकरीसारखी भाजलेली पोळी जरूर मागवावी, मात्र तिच्यावर नेहमी डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, ते नको असल्याचे मागणी नोंदवतानाच सांगावे. कांदा आणि आंबटसर क्रीम एवढेच घातलेली ती उत्तम लागते. महामार्गावर थांबायचे असेल तर नुसते स्वच्छतागृह आणि बाके असलेली ठिकाणे वेगळी, इंधन-उपाहारगृह असलेली वेगळी. दुपारच्या जेवणाला पहिल्या प्रकारची, झाडांची सावली असलेली जागा घरच्या डब्यासाठी अधिक बरी.

मुक्कामात गाडीतील सामान रात्रभर दिसेल असे ठेवू नये, आणि महामार्गावरच्या विश्रांतिस्थळी गाडीत झोपून रात्र काढण्याचा विचार कुटुंबासह तरी करू नये.

दुसरा दिवस

बासल ओलांडण्यापूर्वी एक निर्णय घ्यायचा असतो, आणि तो तेथेच घ्यावा लागतो, कारण पुढे गेल्यावर तो बदलणे महाग पडते. बासलच्या पूर्वेला ऑग्स्टजवळ ए२ दक्षिणेकडे लुत्सर्न आणि गोटहार्डला वळतो, तर ए३ झुरिककडे जातो, आणि तेथून खूर व सान बेर्नार्दिनोमार्गे बेलिंझोनाला उतरता येते. गोटहार्डपाशी रांग दोन-तीन किलोमीटरची असेल तर ती सहन करावी. आठ-दहा किलोमीटरच्या वर गेली असेल तरच सान बेर्नार्दिनो, कारण तो वळसा मोठा आहे, त्याचा ६.६ किलोमीटरचा बोगदाही एकाच नळीचा आहे, आणि गोटहार्ड तुंबला की तेथेही लोक वळतात. उन्हाळ्यात बोगद्यावरचा २१०६ मीटर उंचीचा गोटहार्ड घाटरस्ता खुला असतो, साधारणपणे जून ते ऑक्टोबर. वळणावळणाचा असला तरी चांगला रस्ता आहे, आणि मुलांना गाडी लागत नसेल तर रांगेत उभे राहण्यापेक्षा तो पत्करावा.

लुत्सर्न मागे टाकल्यावर ९.३ किलोमीटरचा सेलिसबेर्ग बोगदा येतो. अनेकांना तोच गोटहार्ड वाटतो. त्यानंतर एर्स्टफेल्डपासून चढ सुरू होतो. बोगद्यात शिरण्यापूर्वी दिवे लावावेत, गॉगल काढावा, रेडिओ चालू ठेवावा, कारण सूचना त्यावरून दिल्या जातात, आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवावे. रांग थांबली तरी आतही अंतर सोडूनच उभे राहावे. पलीकडे आयरोलोला बाहेर पडल्यावर बेलिंझोनापर्यंत लांबच लांब उतार आहे. येथे ब्रेकवर पाय ठेवून उतरू नये, खालचा गिअर घालून इंजिनाच्या जोरावर गाडी आवरावी. उत्तरेला ढग आणि दक्षिणेला कडक ऊन, असे येथे वारंवार घडते.

कियासोला सीमा ओलांडली की कोमो आलेच, पण इटलीतील दंड बहुधा याच शेवटच्या काही किलोमीटरांत लागतात. कोमोच्या तटबंदीच्या आतील जुने शहर झोना त्राफिको लिमितातो, म्हणजे मर्यादित प्रवेशाचे क्षेत्र आहे. पांढऱ्या वर्तुळाला लाल कड असलेला फलक आणि शेजारी ‘वार्को अत्तिव्हो’ असा पेटलेला संदेश दिसला तर कॅमेरा सुरू आहे आणि परवान्याशिवाय आत जाता येत नाही, असे समजावे. नेव्हिगेशन अ‍ॅप तरीही सरळ हॉटेलच्या दारापर्यंतचा रस्ता दाखवत राहते. हॉटेल तटबंदीच्या आत असेल तर आरक्षण करतानाच गाडीचा क्रमांक त्यांना कळवावा आणि प्रवेशाची नोंद त्यांच्याकडून करून घ्यावी. गाडी बाहेरच्या वाहनतळावर लावून चालत जाणे सर्वांत सोपे. मिलानकडे जाताना ए३६ या रस्त्यावर शिरलात तर तेथे नाकाच नाही, कॅमेरा क्रमांक टिपतो आणि टोल १५ दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचा असतो. आणि मिलानच्या मध्यभागी, एरिया सी क्षेत्रात, कामकाजाच्या दिवशी साडेसात युरोंचे प्रवेशशुल्क आहे. मिलानला कोमोहून रेल्वेने जावे हे उत्तम.

परतीचा विचार जाण्याआधीच करावा. परतीची गर्दी उलट बाजूला, म्हणजे आयरोलोच्या तोंडाशी, आणि मुख्यतः रविवारी दुपारनंतर असते, त्यामुळे कोमोहून शनिवारी किंवा सोमवारी पहाटे निघणे इष्ट. पहिल्या दिवशी आल्प्स उरकून आल्सास किंवा मेत्झपर्यंत जावे, कारण आता अवघड टप्पा सुरुवातीला आहे आणि मुक्काम समुद्राच्या जितका जवळ तितका बरा. शटलचे परतीचे तिकीट घेताना वेळ बदलता येईल असा प्रकार निवडावा आणि आरक्षण अंदाजापेक्षा दोन तास उशिराचे करावे. लवकर पोहोचल्यास जागा असेल तर आधीच्या गाडीत घेतात. परतल्यावर टोलच्या टॅगचे बिल तपासावे आणि पुढील काही महिने इटलीहून येणारे पाकीट न उघडता फेकू नये, कारण प्रवेशबंदीच्या दंडाची सूचना तेवढ्या उशिराही येते आणि ती ठरावीक मुदतीत भरल्यास रक्कम कमी होते.